कोंडीरामची झांज

गळीत हंगामात ढोकीच्या कारखान्याच्या रस्त्याला जरा उभं ऱ्हाऊन बगा. ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्येचं गाणं येतं. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, वर टपाखाली स्पीकर, अन् हरेक डायवरचं गाणं येगळं. घरात भाकरी थापता थापता बायका सांगतात, हा अमक्याचा आला, हा तमक्याचा गेला. आमच्या कोंडीरामचा ट्रॅक्टर ओळखायला तर डोकंच लागत न्हाय. हलगी अन् झांज. दुसरं काही त्या माणसानं जन्मात लावलं न्हाय. अन् ते बी इतकं मोठ्यानं की गोठ्यातली म्हैस दूध चोरती. म्या वाढवून सांगत न्हाय, अयोध्याला इचारा.

अयोध्या त्येची बायकू. माझ्या बहिणीची थोरली लेक. धाकटी शिवकन्या, ती महारुद्रला दिलेली. बहीण लवकर गेली, म्हणून दोघींची लग्नं म्या अन् आमच्या मालकांनी लावली. म्हणलं, दोघी एका गावात, एका गल्लीत पडल्या तर एकमेकींच्या नजरंसमोर ऱ्हातील. ऱ्हायल्या. पण नवरे असे निघाले, की गल्लीत समोरून आले तर एक गटारीकडं बघतो, दुसरा लाईटीच्या खांबाकडं.

जावयाला तोंडावर अहोजाहो करावं लागतं. माघारी म्या कोंड्याच म्हणते. अंगानं चिपाड, मिशा मात्र दोन माणसांच्या. राग तर असा की च्यात साखर कमी पडली तर बशीला शिव्या देतो. पण स्टेरिंगवर बसला की त्येच्यासारखा डायवर चार गावांत न्हाय. वल्या रानातनं भरल्या दोन ट्रॉल्या काढाव्यात तर त्येनंच. इंजिनाचं काय दुखतंय, ते स्टेरिंगवर तळवा ठेवून सांगतो. मिसरूड फुटायच्या आधीपासनं तेच काम. आधी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर, मग सोताच्या. सायलेन्सर तोंडाम्होरं, स्पीकर डोक्यामागं, अन् मधी आमचं चिपाड.

सोताच्या म्हणलं, पण ट्रॅक्टर भागीतला. दोघा साडूंनी मिळून घेतला. कागद महारुद्रच्या नावावर, स्टेरिंग कोंडीरामकडं. तवा इतकं गूळपीठ व्हतं की मागच्या ट्रॉलीच्या फळीवर पेंटर बोलावून ‘साडूकृपा’ लिहून घेतलं. फिसकटल्यावर कोंडीरामनं विळा घेतला अन् त्यातलं ‘साडू’ खरवडून काढलं. आता नुसती ‘कृपा’ ऱ्हायलीय. कुणाची, ते कुणी इचारायचं न्हाय.

फिसकटलं कशावरनं? फेट्यावरनं.

महारुद्रच्या लेकीचं, राजनंदिनीचं, लगीन व्हतं. आमच्याकडं लग्नात पाहुण्याला नाव घेऊन मांडवात बोलवतात, पाटावर बसवतात अन् फेटा बांधतात. साडूचा मान तर मोठा. त्याच टायमाला लाईट गेली, माईक बंद पडला, जनरेटर धडधडाया लागलं. महारुद्रनं हातात फेटा घेतला अन् सोताच आवाज दिला, “अहो साडू, पुढं या!” कोंडीराम जनरेटरच्या बाजूला तंबाखू मळत उभा. हलला न्हाय. महारुद्रनं पुन्हा बोलवलं. ह्येनं तंबाखू तोंडात टाकली अन् दुसरीकडं बघितलं. तिसऱ्यांदा बोलवलं तवा सगळा मांडव बघत व्हता. कुणी ह्येच्या दंडाला धरून म्हणावं न्हाय, की बाबा, तुला बोलवायलेत. कशाला म्हणतील? फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? महारुद्रनं फेटा तसाच गुंडाळून ताटात टाकला.

महारुद्र म्हणतो, “भर मांडवात माझी इज्जत काढली. एवढा माज!”

अन् कोंडीराम काय म्हणतो? “सगळ्यांना फेटं बांधलं, मला बोलवलंबी न्हाय. एवढा माज!”

म्या दोघांचंबी ऐकलं अन् कोंड्या खोटं बोलतोय, महारुद्र वाढवून सांगतोय असं धरून चालले. कारण दोघंबी त्या लायकीचे हायत.

तवापासनं अबोला. पण भागीतला ट्रॅक्टर अबोल्यानं चालत न्हाय, डिझेल लागतं, टायर लागतं. म्हणून मधी म्या. माझ्या वसरीवर दोघं येतात, एक ह्या खांबाला टेकतो, एक त्या खांबाला, अन् बोलतात माझ्याशी.

“मावशी, त्येला सांगा, ट्रॉलीखालचा स्प्रिंगचा पाटा मोडलाय.”

“मावशी, त्येला सांगा, चालवणाऱ्याला खड्डा दिसत नसंल तर पाटा मोडणारच.”

“ऐकलं का जावई? म्हणतेत, तुमाला दिसत न्हाय.” म्या निरोप देताना जरा फोडणी देऊनच देते. न्हायतर माझा बी येळ कसा जावा?

गेल्या हंगामात कोंडीराम आला अन् खांबाला टेकायच्या आधीच म्हणला, “मावशी, त्येला सांगा, स्पीकर गेलेत. दोन्हीबी. नवीन लागतेत.”

महारुद्र सुपारी कातरत व्हता. “मावशी, त्येला इचारा, स्पीकर गेलेत का कान?”

म्या निरोप द्यायला तोंड उघडलं, पण कोंडीराम त्येच्या तोंडाकडंच बघत व्हता. उडालाच तो. “कान? माझे कान? त्येला सांगा, तुझी जीभ सडली!”

“मावशी, त्येला म्हणावं, येडशीच्या रस्त्याला एसटीवाला मागनं हॉर्न वाजवून वाजवून बेजार झाला, ह्येनं साईड दिली न्हाय. तो डायवर उतरून शिव्या घालून गेला. उद्या ट्रॉलीखाली कुणाचं लेकरू आलं तर कागद माझ्या नावावर हायत. माझा रणधीर बसंल आता स्टेरिंगवर.”

तर मेख ही व्हती. रणधीर त्येचा पोरगा, शिकून घरी बसलेला. बापाला त्येला स्टेरिंगवर बसवायचंच व्हतं, अन् आता निमित्त घावलं. कोंडीरामच्या मिशा थरथरल्या. त्या माणसाला दुसरं काय येतंय हो? रान कोरडवाहू, दोन पोत्याचं. स्टेरिंग गेलं तर गावात तो कोण? अयोध्याचा नवरा, बस.

“त्येला सांगा,” कोंडीराम म्हणला, “कळंबला चल. दुकानात चार माणसांम्होरं स्पीकर लावून बगू. स्पीकर खराब निघालं तर पुन्हा स्टेरिंगचं नाव काढायचं न्हाय.”

“अन् कान खराब निघालं तर?”

“तर किल्ली घे.”

हे दोघं सरळ एकमेकांशी बोलले, हे त्यांच्या ध्यानात आलं न्हाय. माझ्या आलं.

कळंबला ट्रॅक्टरवरच निघालो, कारण स्पीकर बसवून आणायचे. ट्रॉल्या सोडल्या, एका मडगार्डावर महारुद्र, दुसऱ्यावर म्या. माझ्या वयाच्या बायका काशीला जातात, म्या मडगार्डावर बसून कळंबला. वरनं हलगी. माझ्या दातांची कवळी झिणझिणाया लागली. म्या वरडले, “जावई, बारीक करा!” कोंडीराम म्होरं बघत ऱ्हायला. म्या म्हणलं, हे बगा, सासूचं ऐकायचंच न्हाय असं ठरवून आलंय कार्टं.

दुकान शंभुलिंगचं. जाडजूड माणूस, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अन् बोलणं असं गोड की गिऱ्हाईक आलंय का जावई, तेच कळंना. भितीला खालनं वरपर्यंत स्पीकर. “या मावशी, बसा. च्या सांगू?”

“च्या नको,” कोंडीराम म्हणला. “स्पीकर लावा.” अन् खिशातनं पेनड्राईव्ह काढून दिला. तीच हलगी, तीच झांज.

शंभुलिंगनं पहिला जोड लावला. कोंडीरामनं मान हलवली. “घोंगडीतनं आल्यावानी वाजतंय.”

दुसरा लावला. “हंड्यात तोंड घालून बोंबलल्यावानी.”

तिसरा भारीतला लावला, दुकानाची काच थरथरली. कोंडीरामनं खोक्यावर हात ठेवला, जरा खुलला, मग पुन्हा कपाळाला आठ्या. “हलगी हाय. झांज कुठाय? झांज?”

“झांज वाजायलीय की मालक,” शंभुलिंग म्हणला. “माझ्या दाढा सळसळायल्यात.”

“कुठं वाजायलीय? फसवता व्हय? खेड्यातला बगून मेलेला माल गळ्यात घालता?”

“मेलेला? माझ्या दुकानात?” शंभुलिंगचा गूळ तिथंच संपला. “आमच्या वडलांपासनं दुकान हाय. अजून कुणी मेलेला म्हणलं न्हाय.”

“म्या म्हणतोय. बहिऱ्यांना विकत असाल!”

महारुद्र दाराला टेकून उभा. तोंडावर असं हासू की त्येच्या एक ठेवून द्यावी वाटलं. “मावशी, त्येला सांगा, बहिऱ्यांनाच विकतेत. आज एक आलाय.”

म्या ते काही पोचवलं न्हाय. कारण मला झांज ऐकू येत व्हती. चांगली कवळी हालवून ऱ्हायली व्हती. पहिल्या जोडात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, समद्यात. अन् मला सकाळी मडगार्डावरनं दिलेली हाक आठवली.

शंभुलिंग आता हट्टाला पेटला. “असं करू,” म्हणला. “हे मोठं खोकं हलगीचं. अन् ही डबी हाय न्हवं, डोळ्याएवढी, हिच्यातनं बारीक आवाज येतो. झांज, घुंगरू, समदं हिच्यातनं. म्या मोठ्याची वायर काढतो, नुसती डबी वाजवतो. तिच्यात झांज न्हाय निघाली तर दुकानाला कुलूप घालतो.”

त्येनं वायर काढली. बटन दाबलं.

आई गं! झांज अशी सुटली, झिणझिण झिणझिण, की महारुद्रनं एका कानात बोट घातलं. रस्त्यावरनं एक बाई पिशवी घेऊन चालली व्हती, ती थांबून आत बघाया लागली.

कोंडीराम हाताची घडी घालून उभा. डबीकडं बघतोय. जरा येळ गेला. मग शंभुलिंगकडं बघून म्हणला, “लावा की आता. किती येळ लावायलात?”

शंभुलिंगनं माझ्याकडं बघितलं. म्या पायाकडं. झांज वाजायलीच व्हती.

महारुद्रच्या तोंडावरचं हासू तिथंच ऱ्हायलं, पण त्यात जीव न्हाय ऱ्हायला. त्येनं कानातलं बोट काढलं, शंभुलिंगला खूण केली, झांज बंद झाली. दुकान चिडीचूप. कोंडीरामची पाठ त्येच्याकडं व्हती. महारुद्र लग्नात बोलला व्हता त्याच आवाजात बोलला, तेच शब्द.

“अहो साडू, पुढं या.”

कोंडीराम डबीकडं बघत ऱ्हायला.

“अहो साडू.” जरा मोठ्यानं. “पुढं या.”

कोंडीरामनं खिशातनं तंबाखूची पुडी काढली. अगदी तश्शीच, बगा. पुडी काढली, चुना काढला, मळाया लागला.

तिसऱ्यांदा महारुद्रनं बोलवलं न्हाय. बोलवताच आलं न्हाय त्येला. खाली स्टुलावर बसला अन् टोपी काढून मांडीवर ठेवली. मांडवभर लोकांसमोर हातात धरलेला तो फेटा, अन् तवापासनं उरात धरलेली आग, ती समदी त्येनं एका बहिऱ्या पाठीवर फुकट जाळली व्हती.

शंभुलिंगला काय म्हाईत लग्नाचं? त्येनं दयेनं पुन्हा बटन दाबलं अन् कोंडीरामला हातानं खुणावलं, की बोट लावून बगा. कोंडीरामनं डबीला बोट लावलं. ती थरथरत व्हती. ज्या माणसाला स्टेरिंगवर तळवा ठेवून इंजिनाचं दुखणं कळतं, त्येला डबीची थरथर कळणार न्हाय व्हय? हात असा माघारी घेतला, जसं तव्याला लागला. मग तो वळला. आमची तोंडं बघितली. माझं, शंभुलिंगचं, स्टुलावर बसलेल्या महारुद्रचं.

म्या त्येच्या दंडाला धरलं अन् तोंडासमोर तोंड नेऊन म्हणलं, “जावई, लग्नात तुमाला बोलवलं व्हतं. तीन टायमाला. तुमाला ऐकूच आलं न्हाय.”

मला वाटलं, आता ह्येच्या डोळ्यात पाणी येईल, दोघं गळ्यात पडतील, अन् म्या पदर डोळ्याला लावीन. कशाचं काय! कोंडीराम असा वरडला की शंभुलिंगचं भस्म हाललं.

“ऐकलं व्हतं म्या! समदं ऐकलं व्हतं! मुद्दाम उठलो न्हाय! ह्येच्या फेट्यावर थुंकलो म्या! कान ठीक हायत माझे! काय करायचं ते करा!”

बगा आता. त्या लग्नापासनं म्हणत आला, बोलवलं न्हाय. अन् कान वाचवायला एका दमात कबूल झाला, बोलवलं व्हतं अन् म्या अपमान केला. माजोरडा म्हणा, हलकट म्हणा, पण बहिरा म्हणू नका. कारण माजोरड्याकडनं कुणी स्टेरिंग काढून घेत न्हाय.

महारुद्र उठला. टोपी घातली. मला वाटलं आता किल्ली मागतो. ठरलंच व्हतं तसं. कोंडीरामनंबी किल्ली मुठीत आवळून हात पाठीमागं नेला.

“मावशी,” महारुद्र म्हणला, “त्येला सांगा, थुंकला न्हवं? लई चांगलं केलं. आता स्पीकर मिळत न्हाय. वाजलं काय अन् न्हाय वाजलं काय, ह्येला सारखंच.”

अन् रस्ता वलांडून समोरच्या ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात गेला. आला तवा त्येच्या दोन्ही काखांत दोन आरसे. ट्रकाला असतात तसले, जेवायच्या ताटाएवढे. ते त्येनं कोंडीरामच्या पायाम्होरं आदळले. फुटले न्हायत, एवढंच.

“मावशी, त्येला सांगा, दोन्ही अंगाला बसव अन् डोळे फाडून मागं बघत जा. ट्रॉली जोडलेली असंल तवा टेप बंद. कारखान्याच्या रांगंत उभा असशील तवा काय ते बोंबलव. अन् चार दिसांत धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडं न्हाय गेला, तर किल्ली म्या हिसकून घेईन. रणधीरच्या हातात देईन. भर चौकात.”

कोंडीराम महारुद्रच्या ओठांकडं बघत व्हता. माझ्या निरोपाची त्येला गरजच न्हवती. तवा मला कळलं, हा माणूस माझ्या वसरीवर खांबाला टेकून नेहमी समोरच्या खांबाकडं का बघायचा. म्या म्हणायची, बगा कसा डोळे वटारून बघतो.

“त्येला सांगा,” कोंडीराम म्हणला, “त्येचे आरसे त्येच्या बापाच्या टकुऱ्यावर बसवावं.”

पण वाकला अन् आरसे उचलले. माघारी येताना एक आरसा माझ्या मांडीवर, एक महारुद्रच्या. टेप बंद. आरशात माझीच कवळी बघत म्या ढोकीला पोचले.

अयोध्यानं त्येला धाराशिवला नेलं. गावात सांगितलं, सर्दी झालीय. डॉक्टरनं कानात घालायचं मशीन दिलं. आता तो उन्हाळ्यातबी मफलर गुंडाळतो, मशीन दिसू नये म्हणून. घामानं निथळतो पण काढत न्हाय. पहिल्या दिवशी घरी आल्यावर अयोध्या नेहमीसारखी बोलली, “जेवाया वाढू का?” तर हा दचकून पाटावरनं उठला. “एवढी वरडतीस व्हय गं तू? रोज?”

अन् मग टेप लावला. जुनेच स्पीकर, जे गेलेत म्हणत व्हता ते. झांज वाजली. अयोध्या सांगत व्हती, बराच येळ ट्रॅक्टरच्या टपाखाली तसाच बसून ऱ्हायला. मग आवाज बारीक केला. आमच्या गल्लीत पहिल्यांदा म्हैस सुखानं पान्हावली.

आता तुमी म्हणाल, साडूंचं जुळलं असंल. कशाचं? कोंडीराम अजून छाती काढून सांगतो, म्या फेट्यावर थुंकलो. महारुद्र अजून म्हणतो, असल्या माजोरड्याचं तोंड बघायचं न्हाय. त्येला खरं म्हाईत हाय, ह्येला म्हाईत हाय की त्येला म्हाईत हाय, अन् मला समदंच म्हाईत हाय. पण स्टेरिंग कोंडीरामकडंच हाय. रणधीर कारखान्यात कामाला लागला, बापानंच लावला. चौकात कुणी कोंडीरामच्या कानाचं काढलं, तर महारुद्र पहिला अंगावर जातो. “कान चांगले हायत त्येचे. माज हाय नुसता. म्या सांगतो, म्या अनुभव घेतलाय.”

परवा दोघं आले वसरीवर. खांब तेच.

“मावशी,” कोंडीराम मफलर सावरत म्हणला, “त्या माणसाला सांगा, सकाळच्या पारी म्या ट्रॅक्टर काढतो तवा ह्यो मागं दारात उभा असतो. आरशात ह्येचंच थोबाड दिसतं. दिवस खराब जातो माझा.”

महारुद्रनं सुपारी कातरली. वर बघितलं न्हाय.

“मावशी, त्येला सांगा, दिसतंय न्हवं? मग बास.”